गाडीच्या एसीचा ब्लोअर फक्त चार नंबरवर चालतोय, मदत हवी आहे (इंदूर)

राजेंद्रनगर_इंदूर: मंडळी अर्जंट आहे. ब्लोअर एक-दोन-तीनवर मेलेला, चारवर टाकला की धो धो वारा. मेकॅनिकने रेझिस्टर (ब्लोअरचा वेग कमी ठेवणारा भाग) बदलून दिला, महिना नाही झाला तोच परत तेच आणि आता डॅशमधून प्लास्टिक जळल्याचा वास येतोय. रविवारी आईला ओंकारेश्वरला न्यायचंय, या उन्हात एसीशिवाय कसं नेऊ?

तारांचा_गुंता: गाडी कुठल्या सालची? नॉबवाली की ऑटोमॅटिक क्लायमेट कंट्रोल? फ्यूज कितीचा आहे?

माळवेकर: गॅस कमी झाला असणार. मी भरून घेतला, गाडी एकदम चिल्ड.

तारांचा_गुंता: अहो गॅसचा ब्लोअरच्या स्पीडशी काय संबंध!

राजेंद्रनगर_इंदूर: २००८ची पेट्रोल, नॉबवाली. गॅस ठीक आहे. फ्यूज सारखा उडायचा म्हणून मेकॅनिकने २० अँपिअरचा काढून ३०चा घातला, तेव्हापासून उडत नाही.

तारांचा_गुंता: तो ३०चा आत्ताच्या आत्ता काढा! फ्यूज तारेला वाचवायला असतो, तो उडत नाही म्हणजे आता तार जळतेय, वास त्याचाच. चारवर करंट रेझिस्टरला वगळून थेट मोटरला जातो म्हणून चार चालतो. पण रेझिस्टर परत गेला म्हणजे मोटर जाम होऊन जास्त करंट ओढत असणार. ग्लव्हबॉक्स उतरवून रेझिस्टरचा प्लग बघा, वितळला असेल तर तारांसकट नवा क्रिंप करा (म्हणजे तारेची टोकं दाबून घट्ट बसवा), नुसती टेप गुंडाळू नका.

जुनं_ते_सोनं: क्रिंप ढिला पडतो, सोल्डरच करा. मी आयुष्यभर सोल्डर करतोय.

तारांचा_गुंता: जिथे प्लगच तापून वितळतो तिथे सोल्डरही मऊ पडतो. चांगल्या क्रिंपिंग पक्कडीने केलेला क्रिंप सुटत नाही.

माळवेकर: सिमरोलवरून जाणार ना? भेरूघाटात ट्रक अडकले की सकाळ गेलीच समजा, पहाटे निघा. आणि बडवाहला चहा घ्या.

राजेंद्रनगर_इंदूर: ३०चा काढला. प्लगची एक पिन काळी पडलीय, भोवतीचं प्लास्टिक ओघळलंय. मोटरच्या पंख्यात कडुनिंबाच्या वाळक्या काड्यांचा गोळा निघाला, तो काढूनही हाताने फिरवली की खरखरतेच. बुश (मोटरचा दांडा ज्यात फिरतो ती कडी) बदलून भागेल का?

तारांचा_गुंता: नका करू. मोटर, रेझिस्टर, प्लग तिन्ही एकदम नवे घ्या, फ्यूज २०चाच. तोवर चारवरही ब्लोअर लावू नका, बऱ्याच गाड्यांत चारचा करंटही त्याच प्लगातून जातो. रविवारपर्यंत काम नाही झालं तर आईंना दुसऱ्या गाडीने न्या.