कॉलेजने नाव कमी केलं: लगेच दुसरीकडे ॲडमिशन, की थांबायचं?

सातपूरचा मामा:
भाचा परराज्यातल्या एका नावाजलेल्या सरकारी संस्थेत इंजिनिअरिंगला होता. पहिल्या वर्षाचे लागणारे क्रेडिट झाले नाहीत, संस्थेने नाव कमी केलं. आता गादी-बादलीसकट नाशिकला परत आलाय आणि दुपारपर्यंत दार लावून पडून असतो. बहीण म्हणते, लोक विचारायच्या आत कुठेतरी ॲडमिशन घेऊन टाकू. दाजी म्हणतात, अंबडला कंपनीत लावा, घाम गाळला की अक्कल येईल. माझं मत, दिवाळीपर्यंत कुणी काहीच करू नये. बोला.

पाथर्डी फाटा:
साफ चूक. दिवाळीपर्यंत रिकामा बसलेला पोरगा दिवाळीनंतर उठत नाही. गंगापूर धरणाच्या बाजूला मुक्त विद्यापीठ 1989 पासून कशासाठी आहे? बीकॉमला नाव घाला. फी परवडते, रोज जावं लागत नाही, एमपीएससीला ती पदवी चालते. पुढे काय करायचं ते करू द्या, हातात काहीतरी चालू असलं म्हणजे झालं.

ओझरकर:
ज्याला मशिन आवडतं त्याला बीकॉम? ताई, ही सोय त्याची नाही, नातेवाइकांना उत्तर द्यायची आहे.
बारावी सायन्सवर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. दोन वर्षांत डिप्लोमा, मग डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. एकूण पाच वर्षं. एक वर्ष थांबून पुन्हा सीईटी दिली तरी एक अधिक चार, पाचच. फरक एवढाच की माझ्या रस्त्याने दोन वर्षांनी हातात डिप्लोमा असतो.

कॉलेज रोड क्लासवाला:
हिशोब बरोबर, पण गणित कच्चं असेल तर? डिप्लोमाहून थेट आलेली कितीतरी मुलं एम-थ्रीला, म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या गणितालाच अडकतात. वर्षं कसली मोजता, नापास का झाला ते बघा. माझ्याकडची बारावीची पोरं बाहेर गेली की एक प्रकार हमखास होतो. हॉस्टेलला पहाटेपर्यंत जागरण, सकाळच्या लेक्चरला दांडी, एक परीक्षा हुकली की लाजेने पुढच्या सगळ्या हुकतात. त्याला विषय जड नसतो, बारावीपर्यंत आई उठवायची, एवढंच. अशा पोराला पुन्हा हॉस्टेलला पाठवलंत तर पुन्हा तेच.
आणि अपील केलंत का? 2015 मध्ये आयआयटी रूरकीने पहिल्या वर्षाची सत्तरहून जास्त मुलं सीजीपीए (सरासरी ग्रेड) 5 च्या खाली म्हणून काढली होती. नंतर त्यांना पहिलं वर्ष पुन्हा करू दिलं.

ओझरकर:
अर्धीच गोष्ट सांगताय. तिथे हायकोर्टाने संस्थेचीच बाजू घेतली होती, संधी संस्थेने आपणहून दिली. त्या आशेवर वर्ष घालवू नका. अर्ज जरूर करा, पण पॉलिटेक्निकच्या प्रवेशाची तारीख त्यासाठी चुकवू नका. टीसी आणि बारावीचं मूळ मार्कशीट आधी ताब्यात घ्या. पास झालेल्या विषयांचे क्रेडिट एबीसी खात्यात, म्हणजे सरकारच्या क्रेडिट बँकेत, आहेत का तेही पाहा. ते धरायचे की नाही, हे मात्र नवीन कॉलेज ठरवतं.

सिडकोची मावशी:
दुपारपर्यंत दार लावून झोपतो, यावर कुणीच का बोलत नाही? तो जेवतो का? मित्रांचे फोन घेतो का? 14416 ही सरकारी टेलिमानस लाइन फुकट आहे, मराठीत बोलतात. ॲडमिशन पंधरा दिवस उशिरा झाली तर काही बुडत नाही.

पाथर्डी फाटा:
आमच्या वेळी नापास झालो की दोन दिवस मार खायचो आणि तिसऱ्या दिवशी कामाला लागायचो.

सिडकोची मावशी:
जे लागले नाहीत त्यांची गोष्ट आपल्या घरात सांगत नाहीत, म्हणून तुम्हाला ती माहीत नाही.

अंबड वर्कशॉप:
दाजींना माझा निरोप द्या. माझं सीएनसीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशिनचं, छोटं युनिट आहे. ‘अक्कल यावी म्हणून’ पाठवलेली पोरं पहिल्या पगारानंतर दिसत नाहीत. आमचं काम म्हणजे शिक्षा नाही, आणि माझ्या ऑपरेटरांसमोर ते तसं म्हटलेलं मला चालत नाही. बरं, शिक्षणाचं कर्ज आहे का? असेल तर नाव कमी झाल्याचं बँकेला आधी जाऊन सांगा, त्यांना बाहेरून कळण्यापेक्षा बरं.

सातपूरचा मामा:
कर्ज आहे. दाजी अंबड-अंबड करतात ते त्यामुळेच, पण पोरासमोर बोलत नाहीत.

अंबड वर्कशॉप:
मग पोराला तेच सांगा ना. हप्त्याला हातभार लावायला येणार असेल तर सोमवारी पाठवा, सकाळच्या शिफ्टला. सुधारायला येणार असेल तर नको.