डार्क मोड लावला की चष्म्याचा नंबर वाढत नाही म्हणे!

मुद्रितशोधक:
परवा एकाने ज्ञान पाजळलं: "पांढरा स्क्रीन म्हणजे डोळ्यात टॉर्च. डार्क मोड लावा, फोकस करताना ताण येत नाही, नंबरही वाढत नाही." खाली बदामांचा पाऊस. मी स्क्रीनवर प्रुफं वाचून पोट भरतो, त्यामुळे गप्प बसवेना.

समोर काळं आलं की बाहुली मोठी होते. मग भिंगाच्या कडेचे किरणही आत शिरतात आणि ते बाकीच्यांबरोबर एका ठिकाणी जुळत नाहीत. बाहुली लहान असताना फोकस जरा हुकला तरी निभावतं, मोठी झाली की ती सवलत बंद. चष्मा घरी राहिलेला माणूस डोळे बारीक करून बसची पाटी वाचतो, तो याच सवलतीसाठी. त्यात सिलिंडरचा नंबर (उभ्या आणि आडव्या दिशेला फोकस वेगवेगळा) असेल तर पांढऱ्या अक्षराचा उजेड काळ्यात फुटतो. देवनागरीत त्याचा फार त्रास. 'ध'ची फट बुजते, 'भ'चा 'म' वाटतो, अनुस्वार शिरोरेघेला जाऊन चिकटतो. डार्क मोडमध्ये तपासून आलेल्या एका मजकुरात 'माऊसाहेब' शाबूत होते. तपासणाऱ्याने ते 'भाऊसाहेब' म्हणूनच वाचले होते!

जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फ विद्यापीठात पीपेनब्रॉक, मायर आणि बुखनर यांनी 2013 मध्ये तरुणांना आणि वयस्करांना प्रुफंच तपासायला लावली. दोन्ही गटांत पांढऱ्यावर काळं सरस ठरलं. 2014 मध्ये त्यांनी हेही दाखवलं की अक्षर जितकं बारीक, तितका हा फरक जास्त. मोबाइलवर आपण बारीकच वाचतो.

रात्रपाळी_पुणे:
काका, तुम्ही दिवसा खिडकीजवळ बसून वाचता. मी रात्री तीनला लाइट बंद करून कोड बघतो, कारण शेजारी बायको आणि सहा महिन्यांचं पोर झोपलंय. तेव्हा पांढरी विंडो उघडली की डोकं ठणकायला लागतं. बाहुलीचा हिशोब तुमच्याकडे ठेवा.

आणि अभ्यासच काढायचे तर ट्युबिंगेनचा का नाही काढला? अलेमन, वांग, शेफेल, 2018. पांढऱ्यावर काळं तासभर वाचलं की डोळ्याच्या पडद्यामागचा रक्तवाहिन्यांचा थर पातळ झाला, उलट रंगात जाड झाला. थर पातळ होणं हे मायनस नंबर वाढण्याच्या बाजूचं लक्षण. सोयीचं तेवढं सांगायचं का?

मुद्रितशोधक:
वाचलाय. मोजके लोक, तासाभराचं वाचन. त्यातून "नंबर वाढत नाही" इथवर उडी मारायची असेल तर खुशाल मारा. आणि अंधारात काळा स्क्रीन बरा वाटतो याचं श्रेय अंधाराला. टेबललॅम्प भिंतीकडे तोंड करून लावा, ब्राइटनेस उतरवा, मग बोलू.

रात्रपाळी_पुणे:
टेबललॅम्प लावून पोर उठलं तर तुम्ही येणार का झोपवायला?

करडा_हटाव:
तुमचं काळं-पांढरं चालू द्या. मूळ रोग आहे फिकं करडं अक्षर. पांढऱ्यावर राखाडी, तेही हडकुळ्या वजनात. फोकस जुळवायला डोळ्याला ठसठशीत कड लागते, इथे कडच नाही तर डोळा चाचपडत बसतो. वेबच्या नियमावलीत साध्या मजकुराला किमान 4.5 : 1 कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि पार्श्वभूमीच्या उजळपणातलं गुणोत्तर, सांगितलाय. डिझायनरांचा लाडका 777777 या रंग-कोडचा करडा पांढऱ्यावर 4.48 भरतो, म्हणजे काठावर नापास. त्याहून फिका वापरणाऱ्यांबद्दल काय बोलावं! परवा वीजबिल भरताना शेवटची तारीखच दिसली नाही. चाळिशी लागलेल्यांनी बिलं भरायचीच नाहीत का?

पाकळीचा_ल:
तारीख दिसून उपयोग काय, अक्षरं तरी आपली आहेत का? निम्म्या अ‍ॅपमध्ये शेवटी उभा दंड असलेला हिंदी ल. शासनाने 2009 मध्ये निर्णय काढून मराठीचे ल आणि श ठरवून दिले, तरी मोबाइलवर परकेच. डोळा सवयीचा आकार शोधतो, तो मिळत नाही, म्हणून ताण येतो.

रात्रपाळी_पुणे:
ल मुळे डोळे दुखतात??

पाकळीचा_ल:
दुखतात. माझे दुखतात.

करडा_हटाव:
अहो, मराठीचे आकार बऱ्याच फॉन्टांत आतच असतात. पानाची भाषा मराठी म्हणून नोंदवली की ते आपोआप येतात. करणारे ती नोंदवत नाहीत, फॉन्ट बिचारा काय करणार? नोटो सान्स देवनागरीत करून बघा.

पाकळीचा_ल:
म्हणजे मराठी माणसाने मराठी असल्याचं आधी कळवायचं. वा! हेच दुकानांच्या पाट्यांचं झालं…

*(यापुढे पाट्या, बँकेतले फॉर्म आणि रेल्वेतल्या घोषणा यांवर बरंच झालं. "विषयावर या" असं तिघांनी सांगितलं, त्यातले दोघे स्वतःच पाट्यांवर बोलून गेले.)*

सुमन_मावशी_सातारा:
बाळांनो, मी 71 वर्षांची आहे. मोतीबिंदू पिकत होता तेव्हा पांढरं पान उघडलं की सगळीकडे धुकं आणि चकाकी, अक्षरं त्यात बुडून जायची. नातवाने स्क्रीन काळा करून दिला, अक्षर मोठं केलं, तेव्हा पोथी वाचता आली. आता ऑपरेशन झालंय, पांढरंच बरं वाटतं. ते जर्मन लोक मला विचारायला आले नव्हते.

रात्रपाळी_पुणे:
मावशी, सिक्सर! काका, आता बोला.

मुद्रितशोधक:
मावशींचं बरोबर आहे, आणि ते नवीनही नाही. मिनेसोटा विद्यापीठात गॉर्डन लेग यांच्या गटाला 1985 मध्येच दिसलं होतं की ज्यांच्या डोळ्यातलं भिंग वगैरे गढूळ झालंय ते काळ्यावर पांढरं जास्त वेगाने वाचतात. गढूळ भिंगात पांढऱ्या पानाचा सगळा उजेड विखुरतो, काळ्या पानावर विखुरायला उजेडच कमी. पण रात्रपाळी, तुम्हाला मोतीबिंदू आहे का?

रात्रपाळी_पुणे:
नाही. सिलिंडर आहे, पाऊण नंबरचा. हसू नका.

मुद्रितशोधक:
हसत नाही. निदान शुद्ध काळ्यावर शुद्ध पांढरं तरी टाळा. 21 : 1 म्हणजे कमाल कॉन्ट्रास्ट, अक्षरं त्यातच जास्त फुटतात. गडद राखाडीवर मळकट पांढरं ठेवा. आणि ते निळ्यावर लाल अक्षरांचं थीम, ज्याचा फोटो तुम्ही हौसेने टाकला होता, ते आधी काढा. डोळ्याचं भिंग निळा रंग पडद्याच्या अलीकडे जुळवतं आणि लाल पलीकडे. दोन्ही एकदम स्पष्ट दिसणं शक्यच नाही.

करडा_हटाव:
गडद राखाडी? तुम्हीसुद्धा?

मुद्रितशोधक:
पार्श्वभूमी म्हणतोय मी. अक्षर नव्हे.

रात्रपाळी_पुणे:
ठीक. ऑफिसात दिवसा पांढरं ठेवीन, तेवढं तुमच्या जर्मनांना कळवा. घरी रात्री गडद राखाडी. लाल-निळं थीम बायकोने केलंय, ते काढायचं असेल तर तिच्याशी तुम्ही बोला.

पाकळीचा_ल:
त्या राखाडी थीममध्ये ल कुठला येतो?