पुण्याला सांघिक टेनिस: दुहेरीला कोणाला उतरवू?

चुन्याची_रेघ, कोल्हापूर (सोमवार)

नमस्कार. मी आमच्या कॉलेजच्या मुलींच्या टेनिस संघाची कॅप्टन, बीएस्सी दुसरं वर्ष. येत्या शनिवार-रविवारी पुण्यातल्या एका कॉलेजात निमंत्रितांची स्पर्धा आहे. आम्ही चौघी आणि मॅडम. शुक्रवारी दुपारच्या एसटीनं निघायचं, रात्री तिथल्याच होस्टेलवर मुक्काम. प्रत्येक लढतीत दोन एकेरी, एक दुहेरी. जिंकत गेलो तर दिवसाला दोन लढती.

एकेरी मी आणि आमची नंबर एक खेळतो. गेल्या वर्षी दुहेरीलाही आम्हीच उतरलो. दुसऱ्या लढतीत 1-1 झालं आणि दुहेरी सुपर टायब्रेकमध्ये (एकेक सेट झाल्यावर तिसऱ्या सेटऐवजी 10 गुणांपर्यंत खेळतात तो) 7-10 अशी गेली. माझ्या दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले होते, सर्व्हिस टाकताना टाच उचलत नव्हती. तिसरी आणि चौथी दोन्ही दिवस बाटल्या भरत बसल्या. परतताना चौथी कराड येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होती, एक शब्द नाही. या मुलीनं वर्षभर पहाटे साडेपाचला येऊन माझ्यासोबत कोर्टवर पाणी मारलंय, रोलर ओढलाय, चुन्यानं रेषा आखल्यात.

यंदा दुहेरी तिसरी-चौथीला द्यावी असं मनात आहे. मॅडम म्हणतात निर्णय तुझा. नंबर एक म्हणते, "मग हरायलाच जायचं का?" तिचंही खोटं नाही, त्या दोघींची सर्व्हिस कच्ची आहे.

आणखी एक. आमचं कोर्ट मातीचं, तिथलं सिंथेटिक, आणि अंपायर फक्त फायनलला. मातीवर चेंडूचा ठसा दाखवला की वाद मिटतो. तिथे काय दाखवायचं? गेल्या वर्षी यावरून फार मनस्ताप झाला.

स्लाइस_बॅकहँड, नागपूर

दे त्यांना दुहेरी. दया म्हणून नव्हे. दमलेल्या दोन चांगल्या खेळाडूंपेक्षा ताज्या दोन साधारण खेळाडू दुहेरीत भारी पडतात, कारण तिथे अर्धंच कोर्ट सांभाळायचं असतं आणि पहिल्या तीन-चार फटक्यांत गुण संपतो.

दुहेरीनं लढत कशी फिरते ते बघायचं असेल तर 2018 चा एप्रिल आठव. डेव्हिस कपमध्ये (देशादेशांची सांघिक स्पर्धा, लढतीत चार एकेरी, एक दुहेरी) चीनविरुद्ध तियानजिनला आपण पहिल्या दिवशी 0-2 मागे होतो. लिअँडर पेस-रोहन बोपण्णानं दुहेरी काढली, पहिला सेट गमावून, पुढचे दोन्ही टायब्रेकमध्ये (6-6 नंतरचा निर्णायक गेम). मग उरलेल्या दोन्ही एकेरी जिंकून 3-2. पेसचा तो डेव्हिस कपमधला 43 वा दुहेरी विजय, विक्रमच. पण त्याच्या आदल्या वर्षी फेब्रुवारीत मी बालेवाडीला स्टँडमध्ये होतो. तिथे न्यूझीलंडविरुद्ध पेसचीच दुहेरी गेली आणि तरीही आपण 4-1 जिंकलो! म्हणजे एकेरीवाल्या ताज्या असणंही तितकंच मोलाचं.

चार दिवसांत नवीन काही शिकवू नकोस. सर्व्हिस जोरात नको, मधल्या रेषेकडे टाकायची आणि पहिलीच आत पडली पाहिजे. रिटर्न नेटवाल्या मुलीपासून लांब, तिरका, खाली. आणि जी नेटजवळ आहे तिनं खांबासारखं उभं राहायचं नाही.

खडू_आणि_शिट्टी, सातारा

मी 22 वर्षं मुलांना घेऊन असे दौरे करतोय. आधी रेषेचं सांगतो. अंपायर नसताना आपल्या बाजूचा कॉल आपणच द्यायचा. चेंडू पडताक्षणी, समोरच्याला ऐकू जाईल असा. शंका आली तर चेंडू आत, गुण समोरच्याचा. "नीट दिसला नाही, परत खेळू" ही पळवाट नियमात नाही. ठसा बघून निर्णय फक्त मातीवर, हार्डकोर्टवर (म्हणजे सिंथेटिकसारख्या कडक कोर्टवर) नाही. सर्व्हिस करणारीनं दर गुणाआधी स्कोअर मोठ्यानं म्हणायचा, निम्मी भांडणं तिथेच टळतात. समोरून सतत चुकीचे कॉल येत असतील तर हुज्जत न घालता खेळ थांबवून रेफरींना बोलवा.

दुसरं, तू दुहेरी खेळली नाहीस तर कॅप्टन म्हणून कोर्टवरच्या खुर्चीवर बसता येईल का, हे संयोजकांना आधीच विचार. सांघिक स्पर्धेत बाजू बदलताना मिळणाऱ्या 90 सेकंदांत कॅप्टनला बोलता येतं. सेटच्या पहिल्या गेमनंतर आणि टायब्रेकमध्ये मात्र नाही. त्या दोघींना तुझ्या फोरहँडपेक्षा या 90 सेकंदांचा आधार जास्त होईल.

सिंथेटिकवर चेंडू कमी उसळतो आणि लवकर येतो, रॅकेट मागे कमी न्या. मातीसारखं घसरत जायचा प्रयत्न करू नका, गुडघा जातो. शुक्रवारी रात्री साधा वरणभात. पोटऱ्यांसाठी लिंबू-मीठ-साखरेचं पाणी सकाळपासून घोट घोट, तहान लागेपर्यंत थांबू नका. कॉलेजचं पत्र आणि ओळखपत्रं स्वतःजवळ ठेव, बॅग एसटीच्या डिकीत जाते.

चुन्याची_रेघ, कोल्हापूर (पुढचा सोमवार)

रात्री साडेआठला पोचलो. सगळ्यांचे मनापासून आभार, म्हणून सविस्तर लिहिते.

दुहेरी तिसरी-चौथीलाच दिली. पहिल्या लढतीत आम्ही एकेरीत 2-0 झालो, त्यामुळे त्या मोकळेपणी खेळल्या. 3-6, 4-6 हरल्या, पण कोर्टाचा वेग कळला. दुसऱ्या लढतीत नंबर एक जिंकली, मी हरले. पुन्हा 1-1. सर, खुर्चीवर बसायची परवानगी मिळाली होती. दुहेरीत पहिला सेट गेला, दुसरा आमच्या दोघींनी 6-4 घेतला. मधल्या रेषेकडची सर्व्हिस इतकी लागू पडली की समोरच्या दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या.

मग सुपर टायब्रेक. बोलता येत नाही, मी टॉवेलचं टोक पिळत बसले. 8-8 वर समोरून डोक्यावरून जाणारा उंच लॉब आला, आमच्या बेसलाइनपाशी (मागच्या रेषेपाशी) पडला. चौथी वळून धावत होती. माझ्या जागेवरून मला तो बाहेर वाटला. ती थांबली, रेषेकडे बघितलं, आणि हाताचा तळवा जमिनीकडे केला. आत. 8-9. पुढचा गुणही गेला.

नंबर एकनं तिला एवढंच विचारलं, "बाहेर होता का गं?" ती म्हणाली, "मला दिसलाच नाही." नंबर एकनं तिची किटबॅग उचलली आणि पाण्याच्या टाकीकडे चालायला लागली. मला त्या क्षणी चौघींचा फार अभिमान वाटला. तो चेंडू बाहेर दिला असता तर मला रात्री झोप लागली नसती.

रविवारी आम्हाला सामना नव्हता. थांबून दोन्ही सेमीफायनल बघितल्या. मग परतीच्या एसटीत त्या दोघी एकाच सीटवर, बॅकहँडची बाजू कोणी घ्यायची यावर वाठारपासून पेठ नाक्यापर्यंत वाद. उद्या पहाटे चौघी कोर्टवर आहोत, आठवड्यातले तीन दिवस फक्त दुहेरी.

एक विचारायचं राहिलं. माझ्या मातीच्या बुटांची अंगठ्याखालची नक्षी दोन दिवसांत घासून गुळगुळीत झाली. हार्डकोर्टचे बूट मुलींच्या मापात कोल्हापुरात कुठे मिळतात? की पुण्याहूनच मागवावे लागतील?