मदत हवी आहे: बिलासाठी ईमेल द्यावा की नाही?

हल्ली पैसे द्यायला काउंटरवर गेलं की आधी विचारतात, "ईमेल सांगा, बिल त्यावर पाठवतो." मागे रांग लागलेली, आणि आपण अक्षर-अक्षर फोडून मोठ्याने पत्ता सांगतोय. सगळ्या रांगेचा पाठ होतो!

डिजिटल बिलाला माझा विरोध नाही. थर्मल कागदावरची छपाई उडते आणि वॉरंटीच्या वेळी नेमकी कोरी पट्टी हातात उरते. पण बिल एकदाच येतं, मागोमाग सेलच्या मेलची रीघ लागते. बिलासाठी घेतलेला पत्ता जाहिरातींना वापरायचा तर निदान वेगळं विचारा की!

जीमेलमध्ये पत्त्यातल्या आपल्या नावानंतर, @ च्या आधी, अधिकचं चिन्ह (+) आणि दुकानाचं नाव जोडलं तरी मेल आपल्यालाच येतो, शिवाय पत्ता कुठून फुटला याचा अंदाज लागतो. मात्र काही ठिकाणचं सॉफ्टवेअर ते चिन्ह घेतच नाही.

तुम्ही खरेदीसाठी वेगळा ईमेल ठेवता का? त्यातली जुनी बिलं वेळेवर सापडतात? 'छापीलच द्या' म्हटलं तर मुकाट्याने देतात, की 'सिस्टीम पुढे जात नाही' म्हणतात? आणि छापील बिलाचा फोटो वॉरंटीसाठी कोणाचा चाललाय का?