बागेश्री म्हणे 'सी मेजर, १२० बीपीएम, आनंदी'

कोमल_निषाद:
कालची पोस्ट वाचल्यापासून डोकं फिरलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितेय. व्हायोलिनवरच्या बागेश्री रागाचं अर्ध्या तासाचं रेकॉर्डिंग एकाने सूर-लय ओळखणाऱ्या ॲपमध्ये घातलं, ॲप म्हणालं सी मेजर, १२० बीपीएम (म्हणजे मिनिटाला १२० ठोके), मूड आनंदी. त्यावरून निष्कर्ष काय, तर बागेश्रीतला विरह हे आपल्याला लहानपणापासून पाजलेलं थोतांड आहे, मशीनवर असले संस्कार नसतात म्हणून ते खरं बोलतं. वा!

घरात पेटी असेल तर काढा. या रेकॉर्डिंगमध्ये सा, म्हणजे आधाराचा स्वर, आहे पांढरी दोनला. तिथून बागेश्री वाजवून बघा, गंधार-निषाद कोमल, बाकी शुद्ध, म्हणजे सगळेच्या सगळे स्वर पांढऱ्या पट्ट्यांवर येतात. ॲपने त्या पट्ट्या बघितल्या आणि ठोकलं सी मेजर. सी म्हणजे पांढरी एक, इथला कोमल निषाद, चक्क त्याचा सा केला! ज्याला सा कुठला तेच कळलं नाही त्याला मूड काय विचारताय? आणि ते १२०. विलंबित, म्हणजे संथ, एकताल आहे हो तो, बारा मात्रांचा. एक मात्रा चांगली चार सेकंदांची, म्हणजे मिनिटाला १५, आवर्तन ४८ सेकंदांचं. तबलजी एकेका मात्रेत आठ-आठ बोल भरतोय ते याने मोजले. सुरुवातीच्या आलापात तर तबलाच नाहीये, तिथे काय मोजलं देव जाणे.

डेटा_बोलतो:
पोस्ट माझीच. सा चुकला, बरं, लयही चुकली, हार घाला. पण मुद्दा जागचा हललेला नाही. काफी, भीमपलासी, बागेश्री तिघांचे स्वर तेच, तरी एक होळीचा, एक दुपारचा, एक मध्यरात्रीचा. मग विरह स्वरांत कुठे आहे? आपल्या सवयीत आहे. कर्नाटकीवाले वेळेचं एवढं मनावर घेत नाहीत, त्यांचं काही अडलंय का? न्यू जर्सीत वाढलेल्या माझ्या मुलीला गाडीत हेच ऐकवलं, तिला कोणी काही सांगितलेलं नव्हतं, म्हणाली मस्त चिल आहे.

कोमल_निषाद:
मुलीचं कौतुक आहे, पण गाडीत एसी लावून काहीही चिलच वाटतं. स्वर तेच, पण मुक्काम कुठे करता? भीमपलासीत पंचमावर निवांत बसता येतं, बागेश्रीत पंचम उतरताना जेमतेम दिसतो, सगळा जीव मध्यमात आणि धैवतात. आलापात एक जागा ऐका, मध्यमावर गज थांबलाय, गज न उचलता बोट कोमल गंधारावर घसरत आणलंय, तिथे क्षणभर सा येईल असं वाटतं पण येत नाही, परत वर मध्यमावर, आणि मग कधीतरी रिषभाला नुसतं शिवून सा. हे गाणंच आहे. व्हायोलिनवादक एन. राजम गवई ओंकारनाथ ठाकूरांकडे शिकल्या आणि हे गायकी अंग, म्हणजे गळ्यासारखं वाजवणं, व्हायोलिनवर नेलं ते काय उगाच? तुमच्या ॲपमध्ये याला रकाना आहे का?

तिरकिट:
सोलो सोलो चाललंय मघापासून, तबला कोणाचा आहे ते एकाने तरी विचारलं का? वर 'आठ-आठ बोल भरतोय' म्हणे. भरतोय म्हणजे काय ताई? चार सेकंदांची मात्रा मोकळी सोडली तर तुमचा व्हायोलिनवाला समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, येईल कसा?

डोंबिवलीकर:
जुने लोक यायचे बरोबर. गजाननबुवा जोशी घ्या, स्वतः गवई आणि वर व्हायोलिन, लयीला एकदम पक्के, तबलजीने बोट धरून समेवर आणायची वेळ त्यांच्यावर कशाला येतेय. साथ म्हणजे साथ, ठेका स्वच्छ धरा आणि बाजूला व्हा.

तिरकिट:
बाजूला व्हा! हेच ऐकत आलोय. एका गणेशोत्सवात कलाकाराने विलंबित इतकं खाली नेलं की प्रेक्षकांत लोक घड्याळं बघायला लागले, मी जिवाच्या आकांताने ती लय धरून बसलो, एक मात्रा इकडची तिकडे नाही. पाकीट द्यायच्या वेळी आयोजक काय म्हणावा? 'तुम्ही काय, नुसता ठेकाच तर धरला होता.' निम्मे पैसे. धरून बघा एकदा नुसता ठेका, घरात बसून, मिनिटाला पंधराने, मोबाईल न बघता.

डेटा_बोलतो:
म्हणजे लय तबलजी सांभाळतो, आणि ॲपने तबलजीचीच लय मोजली. मग १२० चूक कसं?

कोमल_निषाद:
चूकच. बोल किती पडले ते मोजलं, मात्रा नाही मोजली.

तिरकिट:
पण ताई, निदान मोजलं तरी. तुम्ही त्याला 'भरणं' म्हणालात.

मध्यम_वर्गीय:
भांडा, पण ज्यावर भांडताय ते रेकॉर्डिंग मुळातच पळवलेलं आहे. यूट्यूबवर कोणीतरी कॅसेटवरून चढवलंय. माझ्याकडे ती कॅसेट आहे, सा काळी एक, पांढरी दोनच्या लगेच खालची पट्टी. टेप सहा टक्के जोरात पळाली की काळी एकची पांढरी दोन होते आणि लयही तेवढीच चढते, म्हणजे खरी मात्रा जवळजवळ सव्वाचार सेकंदांची. तुमचं चिल आणि यांचा विरह, दोन्ही त्या सहा टक्क्यांसकट आहे.

डोंबिवलीकर:
आणि तुमच्या प्लेयरचा बेल्ट सैल झाला असेल तर? मग तुमचाच सा उतरलेला.

मध्यम_वर्गीय:
बेल्ट नवीन टाकलाय. पण तो दुकानदार म्हणत होता की अगदी त्याच मापाचा मिळत नाही… असो.

कोमल_निषाद:
काळी एक धरली तर ॲप बी मेजर म्हणेल आणि तरीही आनंदीच म्हणेल. तंबोरा षड्ज-मध्यमात लावलाय, सा पहिल्यापासून शेवटपर्यंत सतत वाजतोय, तरी त्याला तो सापडत नाही. याला कुठला बेल्ट बदलायचा?

डेटा_बोलतो:
ठीक आहे, विरह तर विरह. पण मुलीला मी ते सांगणार नाहीये, ऐकतेय ना ती.

तिरकिट:
मध्यम_वर्गीय साहेब, कॅसेटच्या कव्हरवर तबल्याचं नाव आहे का बघा ना.

मध्यम_वर्गीय:
बघितलं. व्हायोलिनचा मोठा फोटो, कलाकाराची माहिती, कंपनीचा पत्ता. तबल्याचं नाव नाही.

तिरकिट:
वाटलंच. त्या ॲपने निदान त्याचे बोल तरी मोजले.