जावयाच्या गाडीत पुढच्या सीटवर बसलो की उजवा पाय आपोआप ब्रेक दाबतो. काय करावं?

मुक्कामी गाडी, सातारा (15 ऑगस्ट 2024)

नमस्कार मंडळी. मोबाईलवर मराठी टायपिंग नातीनं शिकवलंय, चुकलं तर पोटात घाला.

मी 2016 ला एस.टी.च्या सातारा डेपोतनं निवृत्त झालो. 31 वर्षं स्टेअरिंगवर. स्वारगेट विनाथांबा केली, महाबळेश्वर केलं, मेढ्याकडच्या मुक्कामी गाड्या केल्या. विनाअपघात सेवेचा बिल्ला मिळालाय, तो आमच्या मंडळी दर दिवाळीला पितांबरीनं घासून परत कपाटात ठेवतात. हे सगळं मोठेपणा म्हणून सांगत नाही. पुढचं वाचून तुम्ही हसणार, म्हणून आधीच सांगून ठेवलं.

मला गाडीची भीती वाटायला लागलीय. चालवायची नाही, बसायची. तीही फक्त जावयाच्या गाडीत.

नागपंचमीला लेक-जावई आले होते. परत जाताना म्हणाले, चला पुण्याला चार दिवस. त्यांचं ऑफिस होतं म्हणून पहाटे साडेचारला निघालो. जावई माणूस म्हणून सोनं आहे. निर्व्यसनी, लेकीला फुलासारखं जपतो. पण लिंब खिंड सोडली आणि गाडी जी सुटली, ती काटा 118 वर. बाजूच्या सीटवरनं काटा तिरका दिसतो, म्हणून मी दोनदा वाकून बघितला, 118 च होता. भुरभुर पाऊस. मोठ्या गाड्या उजव्या लेनला चिकटलेल्या, त्यामुळं ह्यांचं ओव्हरटेक डाव्या बाजूनं. ट्रकच्या चाकांचं गढूळ पाणी काचेवर यायचं, वायपर एकदा जाऊन येईपर्यंत पुढचं काही म्हणता काही दिसायचं नाही, आणि गाडी तशीच पुढं.

पाचवडच्या पुढं एक दूधवाला समोरनं आला. उलट्या बाजूनं, मोटरसायकलला दोन्हीकडं किटल्या, लाईट मिणमिणता. जावयानं डिपर मारला, हॉर्न दाबला, गाडी उजवीकडं ओढली. तो बिचारा पार मातीत उतरला. जावई म्हणाले, "बघा बाबा, अशी मरतात ही लोकं."

दूधवाला चुकला, मान्य. पण मला तो दिसायच्या आधी ठाऊक होता. पहाटे पाचला त्या पट्ट्यात दूधवाला असतोच. मला रस्ता असाच पाठ आहे. किलोमीटरच्या दगडांवरनं नाही, माणसांवरनं. वेळ्याच्या अलीकडं कधी मेंढरं आडवी येतील, शिरवळला शिफ्ट सुटल्यावर पोरं रस्ता कशी ओलांडतील, टोलच्या पुढं कोण कुठल्या लेनमधनं कुठं घुसेल. ड्युटीवर असताना माझा पाय ॲक्सिलेटरवरनं तिथं तिथं आपोआप उचलला जायचा. आता तोच पाय जावयाच्या गाडीतलं मॅट दाबत बसतो. त्या दिवशी दाबून दाबून मॅट सरकून गोळा झालं. जावयानं बघितलं आणि हसून म्हणाले, "बाबा, तिकडं ब्रेक नाही."

मीही हसलो. काय करणार?

खंबाटकीचा बोगदा सुटला की उतार आणि ते एस वळण. 2018 च्या एप्रिलात पहाटे तिथंच विजापूरकडच्या मजुरांचा टेम्पो उलटून 18 माणसं गेली. मी तेव्हा निवृत्त होतो, पण पेपर वाचताना पायाला घाम आला होता. त्या वळणावर ह्यांनी एका हातानं स्टेअरिंग धरून दुसऱ्या हातानं पाण्याची बाटली उघडली. मंडळी मागं बसून आख्खा रस्ता रामरक्षा म्हणत होत्या, मांडीवर नात झोपलेली.

आता मूळ प्रश्न. जावयाला सांगायचं कसं? आमच्याकडं जावयाला अजून एक पोळी घ्या म्हणतात, हळू चालवा म्हणत नाहीत. माझ्या मुलाला मी थोबाडीत दिली असती. लेकीला म्हटलं तर ती म्हणते, "बाबा, तुमची सवय साठची, त्यांना जमतंय." कदाचित तिचंच बरोबर असेल, गाड्या आता चांगल्या आल्यात. मी म्हातारा झालोय की खरंच घाबरण्यासारखं आहे, एवढंच कुणीतरी सांगा.

उसाचा सीझन, कराड (15 ऑगस्ट)

काका, मीच तो जावई. म्हणजे तुमचा नाही, दुसऱ्याचा 😀

जोरात चालवणारा काय विचार करतो ते सांगतो, कारण इथं सगळे उपदेश करायला येतील. आम्हाला मरायची हौस नसते. दिवसभर डोक्यात हप्ता, टार्गेट, साहेबाचा फोन. शंभरच्या वर गेलं की डोकं गप होतं. फक्त रस्ता दिसतो. ती पंधरा-वीस मिनिटं दिवसातली एकमेव शांत असतात. असं बायकोला सांगितलं तर ती म्हणते देवळात जाऊन बस.

मागच्या जानेवारीत ताकारीकडनं रात्री येत होतो, ऐंशीवर असेन. समोरनं एका गाडीचा लाईट डोळ्यात, आणि तो गेला तसा माझ्या पुढ्यात भिंत. ऊस! ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागं ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर, आणि ड्रायव्हरनं गाणी एवढी मोठी लावलेली की हॉर्न त्याच्या बापाला ऐकू आला नसता. ब्रेकवर उभाच राहिलो. गाडी थांबली तेव्हा बॉनेट ट्रॉलीखाली आणि उसाची टोकं काचेला टेकलेली. काच फुटली नाही. मी खाली उतरून शेजारच्या बांधावर बसलो, पाय चालेनात. ट्रॅक्टरवाल्याला काही कळलंच नाही, तो तसाच गेला.

तेव्हापासून सीझनला रात्री पन्नासच्या वर नाही. दिवसा अजून चालवतो जोरात, खोटं कशाला बोलू. पण त्या रात्रीआधी मला शंभर जणांनी सांगितलं असतं तरी ऐकलं नसतं, म्हणून तुमचा जावई ऐकेल असं वाटत नाही. सॉरी.

मिरजकरीण (16 ऑगस्ट)

काका, तुम्ही म्हातारे झाला नाहीत. मी कॅज्युअल्टीत नर्स आहे, 14 वर्षं. "त्यांना जमतंय" हे वाक्य मला पाठ आहे, सोबत आलेले नातेवाईक हेच सांगतात. फक्त "जमायचं" म्हणतात.

जावयाचं नंतर बघू. मला तुमच्या पोस्टमधली एकच गोष्ट टोचली आणि तुम्ही ती जाता जाता लिहिलीय. मांडीवर नात! काकूंनी पट्टा लावला नव्हता ना? नसणारच, मागं कोण लावतं. गाडी एकदम थांबली की मांडीवरचं मूल कुणाच्याही हातात राहत नाही, कितीही घट्ट धरा. आणि मागचं बिनपट्ट्याचं माणूस पुढच्या सीटवर आदळतं, म्हणजे तुमच्यावर. मागचा पट्टाही कायद्यानं सक्तीचा आहे, पण कायदा राहू द्या, नातीला स्वतःची सीट आणि स्वतःचा पट्टा, हे आजीचं काम. त्याला जावयाची परवानगी लागत नाही.

दुसरं, लेकीमार्फत निरोप अजिबात पाठवू नका. आमच्याकडं हा प्रयोग झालाय. वडिलांनी मला सांगितलं, मी चालत्या गाडीत नवऱ्याला सांगितलं, तो चिडला आणि अंकलीच्या पुलावर आम्ही भांडत होतो, गाडी नव्वदवर. घरात बसून, पोटभर जेवण झाल्यावर सांगा. तुमच्या तोंडानं.

आणि 108 सगळ्यांना माहीत असतो, पण हायवेवरच्या मदतीसाठी 1033 पण लक्षात ठेवा.

वारणाकाठ, सांगली (16 ऑगस्ट)

इंजिनिअरिंगच्या पोरांना शिकवायचो, आता घरी आहे. काकांनी 118 चा आकडा दिलाय म्हणून कागद-पेन्सिल घेतली.

118 म्हणजे सेकंदाला जवळजवळ 33 मीटर. दूधवाला दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद धरा, झाले 49 मीटर. ओल्या रस्त्याला घर्षण साधारण 0.4 धरलं, तर ब्रेक लागल्यावर पुढं आणखी 137 मीटर. एकूण 186. तीच गाडी ऐंशीवर असती तर हाच हिशेब 96 मीटरवर येतो. वेग दीडपट सुद्धा नाही, अंतर मात्र दुप्पट, कारण वेगाचा वर्ग होतो. डिपरवरचा उजेड पडतो पन्नास-साठ मीटर. म्हणजे 118 ला उजेड संपतो तिथवर जावईबापूंनी ब्रेकवर पाय जेमतेम ठेवलेला असतो. ऐंशीलासुद्धा उजेड पुरत नाही, हेही खरं. तो दूधवाला वाचला कारण तो स्वतः मातीत उतरला.

वेळेचंही सांगतो. सातारा-पुणे 110 किलोमीटर धरू. सगळा रस्ता 118 नं गेलात तर 56 मिनिटं, ऐंशीनं 82. कागदावर 26 मिनिटं वाचली. पण सगळा रस्ता 118 नं कोण जातो? टोल, घाट, कात्रजपुढची गर्दी. हातात दहा मिनिटं उरतात, ती सोसायटीत पार्किंग शोधण्यात जातात.

बाकी गाड्या चांगल्या आल्यात हे बरोबर. टायर आणि रस्ता यांच्यामधलं पाणी तेच जुनं आहे.

मुक्कामी गाडी, सातारा (16 ऑगस्ट)

गुरुजी, हा हिशेब वहीत उतरवून ठेवला. ताई, तुमचं वाचून मंडळींना दाखवलं, त्या दोन तास बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, पट्टा लावायचा कसा ते शिकवा. उसाचा सीझन, तुमच्या खरेपणाबद्दल राम राम. बांधावर बसल्याचं वाचून मला एक जुनी गोष्ट आठवली, ती नंतर सांगेन.

मुक्कामी गाडी, सातारा (22 सप्टेंबर 2024)

बरेच दिवसांनी येतोय, गणपतीत होतो.

गौरी-गणपतीला जावई आले. ताईंनी सांगितल्याप्रमाणं जेवण झाल्यावर, पान खाताना विषय काढायचा ठरवला. गुरुजींची वही खिशात होती. पण तोंड उघडलं आणि आकडे आलेच नाहीत. भलतंच बोललो.

साल 1997. रात्रीची शेवटची गाडी, मेढ्याच्या पुढं, घाटातला रस्ता. आदल्या रात्री मी गावच्या जत्रेत तमाशाला बसलो होतो, झोप नव्हती. दोष कुणाचा नाही, माझाच. गाडीत पंधरा-सोळा माणसं. आणि मी झोपलो. किती वेळ ते मला ठाऊक नाही, एक सेकंद असेल, चार असतील. जाग आली ती घंटीनं. एका म्हातारीला मधेच वस्तीवर उतरायचं होतं म्हणून कंडक्टरनं सिंगल बेल दिली. डोळे उघडले तर पुढचं डावं चाक कडेच्या दगडांवर खडखडत होतं. गाडी थांबली. म्हातारी उतरली, "बरं झालं बाबा, दाराशीच सोडलंस," म्हणून कडाकडा बोटं मोडली माझ्यावरनं. मी खाली उतरून टायर बघायचं निमित्त करून पाच मिनिटं उभा राहिलो. कंडक्टरला कळलं नाही. डेपोत सांगितलं नाही. मंडळींनाही सत्तावीस वर्षांत सांगितलं नव्हतं, त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून ऐकत होत्या हे मला नंतर कळलं.

म्हटलं, पाव्हणं, तो बिल्ला विनाअपघाताचा आहे खरा, पण त्यातली अठरा-एकोणीस वर्षं त्या म्हातारीची आहेत.

जावई बराच वेळ सुपारी फिरवत बसले. मग म्हणाले, "बाबा, मी जोरात का चालवतो माहितीये? झोप येते. रात्री दोनला अमेरिकेचा कॉल संपतो, पहाटे उठून निघायचं. ऐंशीवर चालवलं की डोळे मिटतात. एकशेवीसवर मिटत नाहीत."

मला हे सुचलंच नव्हतं. मी त्याला मस्ती समजत होतो. अर्थात उपाय भयंकर आहे, हे तेव्हाच बोललो, आता भीड उरली नव्हती. झोपलेला माणूस 120 वर काय आणि 80 वर काय! पण एकदम राग गेला माझा. उसाचा सीझन, तुमचं डोकं गप करण्यासारखंच हे.

परत निघताना रात्रीचे नऊ वाजले होते. म्हटलं, मला तुमची गाडी चालवून बघायचीय. लायसन आधीच बघून ठेवलं होतं, मुदत आहे. जावयानं आनंदानं किल्ली दिली, आता किल्ली कसली, ते एक बटण असतं. गाडी ऑटोमॅटिक. गल्लीतनं बाहेर पडताना माझा डावा पाय सवयीनं क्लच शोधायला गेला आणि ब्रेकवर पडला. सगळे पुढं हिसकले. पण मागं दोघी पट्ट्यात, नातीचं आता वेगळं आसन आहे, ती खिदळून म्हणाली, "आजोबा परत!"

डावा पाय सीटखाली दुमडून ठेवला, मग जमलं. 75 च्या वर नेली नाही. आनेवाडी यायच्या आत जावई झोपले. तोंड उघडं, मान पट्ट्यावर. लेक मागनं म्हणाली, "किती दिवसांनी असे झोपलेत." पाचवडला पाय उचलला गेला. रात्रीचा दूधवाला कुठला असणार, तरी उचलला गेला. शिरवळला गाडी बाजूला घेऊन चहा प्यालो, त्यांना उठवलं नाही.

कात्रजच्या बोगद्यात जाग आली त्यांना. म्हणाले, "आलो पण?"

गुरुजी, चहासकट दोन तास दहा मिनिटं लागली. आणि मागनं आवाज कुणाचा आला म्हणता? मंडळींचा. "जरा जोरात घ्या की आता, पोरीला उद्या शाळा आहे."