ऑनलाइन चाचण्यांच्या गुणांवरून मुलीची प्रगती कशी ओळखावी?

गोदाकाठ (प्रश्न)

नमस्कार. माझी मुलगी नाशिकमधील एका अनुदानित शाळेत सहावीत शिकते. यंदा शाळेने दर शनिवारी गणिताची दहा प्रश्नांची ऑनलाइन चाचणी सुरू केली आहे. ती घरी मोबाइलवर सोडवायची असते. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय असतात आणि चाचणी जमा होताच गुण, वर्गाची सरासरी व आतापर्यंतच्या चाचण्यांचा आलेख पालकांना दिसू लागतो. गेल्या चार चाचण्यांत तिला अनुक्रमे ८०, ६०, ८० आणि ५० टक्के गुण मिळाले. आता आलेखाची रेषा लाल झाली असून तिच्याखाली ‘प्रगती घसरत आहे, अधिक सराव आवश्यक’ असा शेरा येतो. वर्गात कागदावर झालेली घटक चाचणी मात्र तिने नेहमीप्रमाणे बऱ्यापैकी सोडवली होती. शाळेत विचारणा केली तेव्हा अ‍ॅपवर जे दिसते तेच खरे, असे उत्तर मिळाले.

या आलेखावर कितपत विसंबावे? तसे करणे योग्य नसेल, तर या चाचण्यांतून तिची खरी प्रगती समजून घेण्याचा काही मार्ग आहे का? काही पालकांनी बाहेरची सशुल्क चाचणीमालिका घेतली आहे. तीही घ्यावी का, याबद्दल जाणकारांचे मत हवे आहे.

मापनपट्टी

प्रश्नपेढ्या तयार करणे आणि चाचण्यांच्या निकालांचे विश्लेषण करणे हे माझे रोजचे काम आहे, म्हणून प्रथम आकड्यांबद्दल लिहितो.

समजा, एखाद्या विद्यार्थिनीला गणिताचा सत्तर टक्के भाग खरोखर येतो आणि तिच्या क्षमतेत आठवड्यागणिक काहीही फरक पडत नाही. तिला सारख्याच काठिण्याच्या दहा प्रश्नांच्या चाचण्या देत राहिलो, तर बहुतेक वेळा तिला ६, ७ किंवा ८ गुण मिळतील, पण साधारणपणे दर सहा-सात चाचण्यांमागे एकदा ५ किंवा त्याहून कमी गुण पडतील. यामागे घसरण नसते. केवळ प्रश्नांची निवड आणि योगायोग असतो. आपल्या मुलीचे चारही गुण या चौकटीत सहज बसतात. चार पर्यायांच्या प्रश्नांत अंदाजाचाही वाटा असतो. सहा प्रश्न येत असलेल्या मुलाने उरलेल्या चारांवर डोळे मिटून बोट ठेवले, तरी सरासरी एक उत्तर बरोबर येते आणि ६चे ७ होतात.

दुसरी अडचण अधिक मूलभूत आहे. सहावीच्या पाठ्यपुस्तकात पूर्णांक, अपूर्णांकांवरील क्रिया, दशांश अपूर्णांक, मसावि-लसावि, गुणोत्तर-प्रमाण असे एकमेकांपासून बरेच वेगळे घटक आहेत. एका शनिवारी पूर्णांकांची चाचणी आणि पुढच्या शनिवारी दशांश अपूर्णांकांची, असा क्रम असेल, तर त्या दोन गुणांना जोडणारी रेषा म्हणजे सोमवारची उंची आणि मंगळवारचे वजन एकाच आलेखावर मांडण्यासारखे आहे. प्रगती दाखवायची असेल तर त्याच कौशल्यावरचे, तितकेच कठीण प्रश्न काही काळाने पुन्हा विचारावे लागतात. बहुतेक अ‍ॅपमध्ये ही व्यवस्था नसते. हिरवी-लाल रेषा मात्र असते, कारण ती पालकांना आवडते.

वर्गाच्या सरासरीचा एवढा उपयोग आहे की, तुमच्या मुलीबरोबर संपूर्ण वर्गाचे गुण खाली आले असतील, तर बहुधा चाचणी कठीण होती किंवा तो घटक वर्गात नीट झालेला नव्हता. तेवढे जरूर पाहावे.

खडूफळा

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवी ते सातवीला गणित शिकवते. वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे, पण त्यामुळे चाचण्या निरुपयोगी आहेत असा समज होऊ नये. मी टक्केवारीकडे फारसे पाहत नाही. मुलाने कोणता चुकीचा पर्याय निवडला ते पाहते.

प्राथमिक वर्गातले उदाहरण घेऊ. ५२ वजा ३८ या प्रश्नाला १४, २६, २४ आणि ९० असे पर्याय दिले, तर प्रत्येक उत्तरामागे वेगळी कथा असते. २६ निवडणारे मूल प्रत्येक स्तंभात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करते, म्हणजे २ मधून ८ जात नाहीत म्हणून ८ मधून २ काढते. २४ म्हणणाऱ्याने दशक सुटा केला, पण दशकांच्या घरातून तो कमी करायला तो विसरला. ९० म्हणणाऱ्याने चक्क बेरीज केली. त्याला कदाचित काहीच शिकवावे लागणार नाही, फक्त चिन्ह नीट पाहायला सांगावे लागेल. गुणपत्रकावर तिघांनाही शून्यच मिळते. असे विचारपूर्वक पर्याय असलेली चाचणी असेल आणि प्रश्ननिहाय उत्तरे दिसत असतील, तर एरवी वह्या तपासण्यात संध्याकाळ जाते ते काम काही मिनिटांत होते. अगदी गूगल फॉर्मवर प्रश्नमंजूषा घेतली तरी कोणते प्रश्न वारंवार चुकले आणि प्रत्येक पर्याय किती जणांनी निवडला, हे शिक्षकाला आपोआप दिसते. पर्याय मात्र मुलांच्या नेहमीच्या चुकांवरून तयार केलेले हवेत. उगाच जवळपासचे आकडे टाकले, तर चुकीच्या उत्तरातून काहीही कळत नाही.

आपल्याला सुचवते की, मुलीला चाचणी सोडवताना कच्ची वही जवळ ठेवायला सांगावे आणि ती पाने फाडू नयेत. चाचणीनंतर चुकलेल्या प्रश्नांबरोबर एखादा बरोबर आलेला प्रश्नही घ्यावा आणि ‘हे कसे केलेस, मला सांग’ एवढेच विचारावे. मध्येच दुरुस्त करू नये. बरोबर उत्तरामागेही कधीकधी चुकीची रीत निघते.

आणखी एक गोष्ट. आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा शासननिर्णय २०१० सालचा आहे. त्यानुसार पाचवी-सहावीसाठी आकारिक (शिकत असतानाच चालणारे) आणि संकलित (सत्राच्या शेवटी होणारे) मूल्यमापनाला निम्मा-निम्मा भार आहे. आकारिक मूल्यमापनात निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, वर्गकार्य अशी अनेक साधने सांगितली असून चाचणी हे त्यांतले एक आहे. अ‍ॅपच्या आलेखाने बाकी सगळ्यांची जागा घेऊ नये, हे शाळेशी बोलताना आपण नम्रपणे निदर्शनास आणून देऊ शकता.

घाटमाथा

वरची चर्चा उत्तम आहे, पण ती प्रत्येक मुलाच्या हाती स्वतःचा मोबाइल आहे असे गृहीत धरून चालली आहे. आमच्या भागात चाचणी मोठ्या भावाने सोडवली की आईने, हे ओळखणेच पहिले काम असते. करोनाकाळात २०२० साली राज्यात व्हॉट्सअ‍ॅपवर ‘स्वाध्याय’ उपक्रम सुरू झाला, तेव्हाही एकाच फोनवर दोन-तीन भावंडांचे स्वाध्याय होत असत आणि फोन वडिलांबरोबर शेतावर गेला की त्या दिवसाचा अभ्यासही शेतावर जाई. म्हणून घरी सोडवलेल्या चाचणीला मी सराव म्हणतो, मूल्यमापन म्हणत नाही.

तसेच, ऑनलाइन मूल्यमापन म्हणजे मुलाने पडद्यावर उत्तर देणेच असते असे नाही. राज्यात २०२३-२४ पासून पायाभूत चाचणी आणि दोन संकलित चाचण्या प्रथम भाषा, गणित व इंग्रजी या विषयांत घेतल्या जातात. त्यांत मूल कागदावर लिहिते आणि गुणांची नोंद शिक्षक ऑनलाइन करतात. मुलाला यंत्राची गरज पडत नाही आणि नोंद मात्र राहते. नोंद भरण्याच्या अखेरच्या दिवशी सर्व्हर बंद पडल्यावर शिक्षकखोलीत काय बोलले जाते, ते येथे लिहिण्याजोगे नाही.

भाषेच्या बाबतीत तर पर्यायी प्रश्नांवर माझा मुळीच भरवसा नाही. मूल अडखळत वाचते की अर्थ लावत वाचते, हे त्याच्यासमोर बसून ऐकल्याशिवाय समजत नाही. २००५ पासून चालणाऱ्या ‘असर’ सर्वेक्षणातही मुलाला अक्षरे, शब्द, सोपा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट समोर बसवून मोठ्याने वाचायला दिली जाते. एवढ्या साध्या साधनातून जे निष्पन्न होते, ते वीस बहुपर्यायी प्रश्नांतून होत नाही.

गोदाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. अ‍ॅपमध्ये शोधल्यावर प्रश्ननिहाय उत्तरांचे पान सापडले. ते आलेखामागे दडलेले होते. शेवटच्या चाचणीत पाच उत्तरे चुकली होती. त्यांतील दोन प्रश्न वेळ संपल्यामुळे सोडवायचेच राहिले होते. उरलेले तिन्ही दशांश अपूर्णांकांचे निघाले. ०.७ आणि ०.६५ यांत मोठी संख्या कोणती, या प्रश्नाला तिने ०.६५ निवडले होते. ०.३ अधिक ०.२५ याचे उत्तर तिने ०.२८ दिले होते. खडूफळा मॅडमनी सांगितल्याप्रमाणे मध्ये न बोलता तिला विचारले, तेव्हा ‘पासष्ट सातपेक्षा मोठेच ना, बाबा’ असे ती अगदी आत्मविश्वासाने म्हणाली. ६० टक्क्यांच्या चाचणीतही याच प्रकारचा एक प्रश्न चुकलेला दिसतो. वर्गाची सरासरीही या वेळी खाली आली आहे.

आता पुढे काय करावे? आणि वेळेच्या मर्यादेबद्दल आपले काय मत आहे?

खडूफळा

आपल्याला हवे होते ते सापडले आहे. ती दशांशचिन्हानंतरच्या अंकांना पूर्ण संख्या समजते, ०.२८ हे उत्तरही त्याच समजुतीतून, ३ आणि २५ यांची बेरीज करून आलेले आहे. सहावीत ही चूक फार सर्रास आढळते, त्यामुळे काळजीचे कारण नाही. मात्र ‘शेवटी शून्य लावून अंक समान कर’ ही युक्ती इतक्यात सांगू नये. ती सांगितली की उत्तरे बरोबर येऊ लागतात आणि समज जिथल्या तिथे राहते. त्याऐवजी चौकटीच्या वहीत दहा बाय दहाचे चौरस आखावेत. एकात सात पूर्ण पट्ट्या रंगवायला सांगाव्यात आणि दुसऱ्यात पासष्ट चौकटी. सात दशांश म्हणजे किती आणि पासष्ट शतांश म्हणजे किती, हे तिला स्वतःच्या डोळ्यांनी दिसू द्यावे. रुपये-पैशांचे उदाहरण ओघाने येईल, पण त्यात नेहमी दोनच अंक असल्याने ते अर्धवट पडते.

दोन-तीन आठवडे गेल्यावर, मध्ये दुसरे घटक झाल्यानंतर, तिला न सांगता तीन जोड्या द्याव्यात: ०.४ आणि ०.३८; ०.३ आणि ०.४५, ०.६ आणि ०.६०. पहिली जोडी बरोबर येऊन दुसरी चुकली, तर ‘कमी अंक असलेली संख्या मोठी’ असा नवाच नियम तिने मनात तयार केला आहे, असे समजावे. मुले असे करतात. तिसऱ्या जोडीला ‘दोन्ही सारख्याच’ असे उत्तर देऊन ती कारणही सांगू शकली, तर दशांशांबाबत तिची प्रगती झाली आहे, मग आलेखाचा रंग कोणताही असो.

वेळेबद्दल सांगायचे तर, सुटलेले दोन प्रश्न तिला घड्याळ न लावता पुन्हा द्यावेत. तेव्हा ते बरोबर आले तर ते तिला येतात असे धरावे. वेग हा वेगळा विषय असून शिष्यवृत्तीसारख्या परीक्षांसाठी त्याचा सराव स्वतंत्रपणे करता येतो. चाचणीमालिका तूर्त घेऊ नये. हाती असलेल्या चार चाचण्यांतच अजून बरेच पाहण्यासारखे आहे. त्याऐवजी वर्गशिक्षकांना भेटून या एका चाचणीचा संपूर्ण वर्गाचा प्रश्ननिहाय अहवाल काढण्याची विनंती करावी. सरासरी खाली आली आहे, त्या अर्थी ०.६५ हा पर्याय निवडणारी आपली मुलगी एकटी नसावी, आणि तसे दिसले तर त्यांना हा घटक वर्गातच पुन्हा घेता येईल.